दगडातला नववा

धामणदरे, तालुका कोरेगाव
ता. ३ नोव्हेंबर १९४१

चिरंजीव हंबीररावास,

आशीर्वाद घे. नको असला तरी घे. तू पलटणीत गेल्याला वर्ष झालं. तुझी पत्रं आईच्या नावाने येतात, आणि तिला वाचता येत नाही म्हणून ती माझ्याच हातात येतात. प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘घरातील सर्वांस नमस्कार’ असतो. त्या सर्वांत मी धरायचा का, असं मी तुझ्या आईला विचारलं, तर म्हणाली, “आवं, घरात ऱ्हाता न्हवं? मग धरा की.” म्हणून धरला आणि हे पत्र लिहायला बसलो.

घरी सगळं ठीक आहे. विजयमाला बरी आहे. कवठे महांकाळकडची पोर, तिकडे पाण्याची बोंब, त्यामुळे इथे विहीर तुडुंब भरलेली असतानाही ती एका तांब्यात हात, पाय, तोंड धुते आणि उरलेलं तुळशीला घालते. तुझी आई तिला हसते. लग्नानंतर सहा महिन्यांत नवरा समुद्रापार गेला तरी पोर कुरकुरत नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तू साताऱ्याला भरतीसाठी निघालास आणि मी दारात आडवा झालो. तेव्हा तू म्हणालास, “आबा, सरा बाजूला. मेलेल्या मानसाची परवानगी कशाला लागती?” मी बाजूला सरलो. चावडीपुढची पोरं मला ‘नववा’ म्हणून हाका मारतात, वीस वर्षं मारतात, त्याचं मला काही वाटत नाही. तुझ्या तोंडून आलं ते मात्र लागलं, आणि अजून दुखतं.

ही गोष्ट तुला गावाने हसत हसत सांगितली आहे. मी कधी सांगितली नाही. आज माझ्याकडून ऐक.

मी तेव्हा नाथाजी होतो. मागल्या महायुद्धात, बसऱ्याच्या मोहिमेत, कूतच्या ठाण्याला वेढा पडला, दाणा संपला आणि सोळा साली आम्ही तुर्कांच्या हातात सापडलो. इकडे आधी ‘बेपत्ता’ असा कागद आला, वर्षाने ‘मयत’ असा आला. जाळायला देह नाही, म्हणून तुझ्या आज्याने पळसाच्या तीनशे साठ देठांचा माणूस बांधला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि ओढ्याकाठी त्याला अग्नी दिला. तुझ्या आईने बांगड्या फोडल्या. तिला सतरावं चालू होतं.

एकोणीस साली शिमग्याच्या सुमारास मी वेशीत येऊन उभा राहिलो. पाण्याला निघालेल्या बायका घागरी टाकून पळाल्या. मग गंगाधर भटजींनी पोथी काढली. ज्याचं दहन झालं तो परत आला तर त्याने पुन्हा जन्मलं पाहिजे, असं त्यात निघालं. मला घोंगडीच्या झोळीत बसवलं. चार माणसांनी ती हलवली. बाराव्या दिवशी तुझ्या आत्याने कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं, जोतिबा. मेलेलं नाव पुन्हा लावता येत नाही म्हणे. मिशा असलेलं बाळ बघायला कोरेगावहून माणसं आली होती. मग तुझ्या आईशी माझं पुन्हा लग्न लावलं. उखाणा घ्यायला सांगितल्यावर ती बिचारी सवयीने ‘नाथाजी’ म्हणाली आणि मांडवात एकच हशा झाला. मीही हसलो. ती मात्र रडत होती.

दोन वर्षांनी सरकारने चावडीच्या भिंतीत तो संगमरवरी दगड बसवला. ‘या गावातून ५३ इसम महायुद्धात गेले. पैकी ९ मरण पावले.’ नावं नाहीत, नुसते आकडे. मेलेले आठ. नववा मी, आणि मी खाली उभा राहून दगडाला हार घालणाऱ्यांना टाळ्या वाजवत होतो. नवाचा आठ करा म्हणून मी किती अर्ज केले ते तुला माहीत आहे. साताऱ्याहून एकदाच उत्तर आलं. मयत इसमाचे नाव नाथाजी, अर्जदाराचे नाव जोतिबा, सबब अर्जदाराचा यात संबंध दिसत नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी अर्ज करायची खोड मेल्यावरही गेली नाही.

आणि आता तुझं ऐकतो ते. तुझ्याबरोबर गेलेल्या आप्पासोने आपल्या घरी लिहिलंय की भरतीच्या कागदावर तू बापाचं नाव नाथाजी सांगितलंस आणि पुढे ‘लढाईत मयत’ लिहवलंस. मेलेल्या शिपायाचा मुलगा म्हटल्यावर साहेबाने पाठ थोपटली आणि बापाची संमती मागितली नाही. नाथाजी सोळा साली मेला तर मुलगा वीस वर्षांचा कसा, म्हणून तू चोवीस सांगितलंस. हुशार आहेस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. नंतर दोन दिवस जेवण गेलं नाही.

माझं एवढंच मागणं आहे. तुझ्या साहेबाला सांगून ते नीट करून घे. बाप जोतिबा, हयात. मला दगडातून कोणी काढणार नाही, तू कागदातून तरी काढ.

तुझा बाप,
जोतिबा

*

धामणदरे
ता. २४ फेब्रुवारी १९४२

चि. हंबीरराव,

तुझी पलटण आहे ते सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्याचं कोरेगावच्या बाजारात कळलं. मी बैलाला पेंड घ्यायला गेलो होतो, ती तशीच दुकानात राहिली.

घरी मी सांगितलंय की तू लॉरी चालवतोस, लॉरीवाले नेहमी मागे असतात, काही होत नाही. तुला मात्र खरं सांगतो. तू धरला गेला असशील. घाबरू नकोस. धरला गेला म्हणजे मेला असं नसतं, मी आहे ना पुरावा.

मला जे ठाऊक आहे ते लिहितो. बूट जप. झोपताना उशाशी घे, दुसऱ्याच्या भरवशावर ठेवू नकोस. पाणी मिळालं की ढसाढसा पिऊ नकोस. आजारी आहे म्हणू नकोस, कुणी विचारलं तरी बरा आहे म्हण. चालायला लावलं तर मधल्या ओळीत चाल. आणि काही झालं तरी रस्त्यात बसू नकोस. बसलास तर

ते राहू दे. बसू नकोस एवढं लक्षात ठेव.

माझं मागलं पत्र मिळालं का? त्यातलं जे मागितलं होतं त्याची आता घाई नाही. तू आधी सांभाळ.

जोतिबा

*

धामणदरे
ता. ९ ऑक्टोबर १९४३

चि. हंबीरराव,

माझं दुसरं पत्र शिक्के मारून परत आलं. या पत्रावर पत्ता काय घालावा कळत नाही. घालत नाही. पत्र्याच्या पेटीत ठेवतो, आलास की एकदम वाच.

विजयमालेच्या नावाने कागद आला त्यात ‘बेपत्ता’ आहे. मला तो शब्द जुना ओळखीचा. मी पलटणीच्या कचेरीला लिहिलं, माझ्या मुलाचा तपास कळवा. पाच महिन्यांनी उत्तर आलं. हंबीरराव, बापाचे नाव नाथाजी, मयत. आपण जोतिबा. आपले शिपायाशी नाते काय ते दाखल्यासह कळवावे.

कागद हातात धरून मी पायरीवर बसून राहिलो. रागावलो नाही रे. वीस वर्षांच्या पोराने घाईत मारलेली थाप ती. पण बघ, सरकारदरबारी मी तुझा बाप होण्याआधीच मेलो, तर तुझी चौकशी कुणी करायची?

दाखला आणायला लालासाहेब पाटलांकडे गेलो. पाटील माणूस वाईट नाही, पण हात झटकण्यात तरबेज.

“लिवून देतो की, पर काय लिवू?” म्हणाले. “नाथाजी आन जोतिबा येकच हायत?”

“येकच की. तुमी झोळीला हात लावला व्हता, इसरला का?”

“इसरतोय कशाला? पर तसं लिवलं तर दगडावरचा नवाचा आकडा खोटा पडतोय. त्यो आकडा माज्या बानं सही करून कळवलाय. उद्या सरकारनं इचारलं, आकडा खोटा कसा दिला, तर?”

“सरकार मेलेल्या पाटलाला काय इचारनार?”

“तुला इचारत्यात न्हवं मेल्यावर?” असं म्हणून ते हसले आणि त्यांनी मला पान दिलं. दाखला दिला नाही.

गेल्या साली चळवळीच्या पोरांनी घाटात टपालाची थैली लुटून जाळली. तीत तुझं पत्र असेल, असं तुझी आई म्हणते. मीही म्हणतो. एका थैलीत एका पोराचं पत्र असू शकतं.

भाऊबंद सांगून गेले की पळसाचा विधी उरकून घ्या, पोरगा अधांतरी राहतो. मी त्यांना घराबाहेर काढलं. एकदा देठं जळाली की माणूस आला तरी त्याच्या नावाने येत नाही. तुला दुसरं नाव ठेवायची माझी तयारी नाही.

आणखी एक लिहायचं आहे, जे दारात आडवा झालो तेव्हा सांगायला हवं होतं. शेलाराचा गुंडा माझ्याबरोबर बसऱ्याला होता. दगडातला आठवा. त्याची आई धोंडुबाई आता नव्वदीला टेकली. दर पाडव्याला काठी टेकत येते आणि दगडाला हळदकुंकू लावते. यंदा पुन्हा विचारलं, “नाथाजी, माजा गुंडा झोपंतच ग्येला न्हवं रं?” गावात मला नाथाजी म्हणणारी ती एकटी. मी म्हणालो, “व्हय म्हातारे. झोपंतच ग्येला. तोंडावर चादर व्हती.” एकोणीस सालापासून हेच सांगतो.

गुंडा झोपेत गेला नाही. तुर्कांनी आम्हाला वाळवंटातून चालवत नेलं, तेव्हा पाय सुजून तो रस्त्यात बसला. मी वाकून त्याला उठ म्हणालो, तर त्याने माझा घोटा धरला. मागून दांडकेवाले येत होते. तो हात सुटायला मला दोनदा पाय झटकावा लागला. मी वळून पाहिलं नाही. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

म्हणून तुला अडवलं, हंबीर. तू मरशील या भीतीने फक्त नाही. तू जगून परत येशील आणि माझ्यासारखा चादरीच्या गोष्टी सांगत फिरशील, याची भीती होती. आता वाटतं, तसा तर तसा, पण ये.

जोतिबा

*

धामणदरे
ता. ४ मार्च १९४६

चि. हंबीरराव,

आप्पासो आला. हाडांचा सापळा झालाय, पण आला. वाजतगाजत आणला त्याला.

काल आपल्याकडे येऊन गेला. सिंगापुराहून जपान्यांनी जहाजात घालून कुठल्याशा बेटांवर नेलं म्हणाला. तू दुसऱ्या जहाजात होतास, पुढचं त्याला ठाऊक नाही. बेटं पुष्कळ आहेत म्हणाला.

तुझी आई आणि विजयमाला मळ्यात होत्या. संध्याकाळी मी त्यांना तसंच सांगितलं. बेटं पुष्कळ आहेत.

चहा केला होता, तो त्याने घेतला नाही. टोपी हातात फिरवत बसला होता.

आज एवढंच.

जोतिबा

*

धामणदरे
ता. १४ जून १९४६

चि. हंबीरराव,

आज वटपौर्णिमा. रात्री ग्रहण आहे, म्हणून बायकांनी पूजा लवकर उरकली. विजयमालेने उपास धरलाय, पाणीसुद्धा नाही. सकाळी वेशीतल्या वडाला सूत गुंडाळत फिरत होती. मी पलीकडे जनावरं सोडत होतो. सात फेऱ्या मोजल्या. मग घरी येऊन हा कागद काढला.

मागल्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुझ्याशी खोटं बोलून काय उपयोग, पण हात तसाच चालला.

तुम्ही दोघं एकाच जहाजात होता. एकाच बेटावर. आप्पासो म्हणाला, “आबा, ताप आला त्येला. लय तरास न्हाई झाला. झोपंतच ग्येला. तोंडावर चादर व्हती.”

टोपीकडे बघत म्हणाला. माझ्याकडे नाही.

चादर कुठून रे आणली त्याने? माझं आणि धोंडुबाईचं बोलणं त्याने ऐकलेलं नाही. हे कोणी कुणाला शिकवत नाही, परत येणारा प्रत्येक जण ते स्वतःच शोधून काढत असला पाहिजे. मी पुढे एक शब्द विचारला नाही. त्याला म्हणालो, “बरं झालं बाबा, तू व्हतास.” तेव्हा पोरगं एकदम रडायला लागलं, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. गुंडाच्या आईने माझ्या पाठीवरून असाच फिरवला होता. तिला तेव्हाच कळलं होतं की काय, हे आज पहिल्यांदा मनात आलं.

आप्पासोला मी शपथ घातली की घरात बोलू नकोस. तीन महिने झाले. रोज सकाळी ठरवतो, आज सांगायचं. विजयमाला न्याहारी घेऊन येते, हातभर हिरव्या बांगड्या, आणि मी भाकरीकडे बघून जेवतो. ती बावीस वर्षांची आहे. मी गप्प आहे तोवर ती बांधलेली, मी बोललो की तिच्या बांगड्या फुटणार. तुझ्या आईच्या एकदा माझ्यासाठी फुटल्या, खोट्याच. आता खऱ्या फोडायच्या तर तोंडून शब्द निघत नाही. मला पाप लागतं आहे, हे मला कळतं.

आणि खरं सांगू? मी स्वतःलाच म्हणतो, कागदावर मेलेला मीही होतोच. आप्पासोने माती टाकली असेल, पण ताप असा असतो की माणूस मेल्यासारखा पडतो. असं काहीबाही. दुपारपर्यंत ते पुरतं.

जोतिबा

*

धामणदरे
ता. १७ ऑगस्ट १९४७

चि. हंबीरराव,

स्वराज्य आलं. गावात गूळ वाटला. तुझ्या वाटणीचा घेऊ का, असं मी मनात म्हणालो आणि घेतला नाही.

या लढाईचा दगड येईल, अशी मी दोन वर्षं वाट पाहत होतो. हसशील. सगळी उमर एका दगडावर चरफडण्यात गेली आणि म्हातारपणी दुसऱ्याची वाट पाहिली. तुझं कुठे तरी काही असावं, निदान एका आकड्यात, म्हणून. पण इंग्रज गेला, आता दगड कोण पाठवणार?

दहा तारखेला चावडीत बैठक झाली. झेंड्यासाठी चौथरा बांधायचा होता. पायात घालायला चांगला सपाट दगड हवा, तर कुणी तरी म्हणालं, भिंतीतला काढा की, इंग्रजांचा आहे. लालासाहेब पाटील आता गांधी टोपी घालतात. एकवीस साली याच दगडाला पहिला हार त्यांच्या बापाने घातला होता. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “जोतिबा, तुजी तर येकदाची पीडा ग्येली. तूच तक्रार करत व्हतास.”

मी उठलो. म्हणालो, “दगड ठिवा. आता त्यो आकडा बरोबर हाय.”

कुणाला कळेना.

“आठ पयल्या लढाईचं. नववी जागा माजी व्हती, ती मोकळी हाय. तिथं माजा हंबीर हाय.”

चावडीत बोलून गेलो. तोंडून निघालं ते असं, दीड वर्ष घरात न बोललेलं, पंधरा-वीस माणसांसमोर. मग पाटील हळू आवाजात म्हणाले, “आरं, पर त्यो दगड पयल्या लढाईचा. तुजा पोरगा दुसऱ्या लढाईतला. आन इंग्रजाच्या बाजूनं म्येल्यालं आता कोन लिवतंय?” ते खोटं बोलत नव्हते. मी घरी आलो.

घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. तुझी आई चुलीपुढे बसून होती, चूल विझलेली. विजयमाला दारात उभी होती. मी म्हणालो, “पोरी, मला माफ कर.”

ती म्हणाली, “मामंजी, आप्पासो भावजी आलं तवा मी मळ्यातनं माघारी आले व्हते, इळा इसरला म्हून. दाराआड उभी व्हते. समदं आयकलं.”

“मग दोन वटपौर्णिमा…”

“तुमी रोज न्याहारीला आदी माज्या हाताकडं बघायचा, मग भाकरीकडं. हात मोकळं दिसलं असतं तर तुमी जेवला नसता.” मग म्हणाली, “तुमच्यापायी ल्याले. आता काढू का?”

काढू का, असं विचारलं तिने मला. मी मान हलवली. तिने त्या फोडल्या नाहीत, साबण लावून एकेक उतरवल्या आणि तुझ्या आईच्या ओटीत ठेवल्या. तुझ्या आईने तेव्हा तोंड उघडून जो टाहो फोडला, तो सतरा सालचा आणि आताचा, दोन्ही मिळून होता. मी अंगणात उभा राहिलो. मला रडता आलं नाही आणि आजपर्यंत आलेलं नाही.

चौदा तारखेला दगड काढला. वडाराने पहार लावली तेव्हा मीही हात दिला, निदान फुटू नये म्हणून. चौथऱ्याच्या पायात तो पालथा घातला, मजकूर मातीकडे. धोंडुबाई आषाढातच गेली, सुटली. पंधरा तारखेला आम्ही सगळे भोवती उभे राहिलो, झेंडा वर गेला, पोरांनी गाणं म्हटलं. झेंडा चांगला दिसत होता. मी टोपी काढली, पण नजर वर गेली नाही.

विजयमालेचा भाऊ तिला न्यायला यायचा आहे. मी जा म्हणालो. ती पावसाळा झाल्यावर जाते म्हणाली.

जोतिबा

*

धामणदरे
ता. १३ ऑक्टोबर १९४७

हंबीर,

उद्या सर्वपित्री. उद्या तुझा विधी आहे. मी हो म्हणालो.

देठं काल मीच तोडून आणली. तीनशे साठ, मोजून. ओढ्याच्या वरच्या अंगाला जो पळस आहे, माझी देठं त्याचीच होती असं तुझी आई सांगते. हाताला अजून चीक आहे, कागदाला लागतोय. नारळ विजयमालेने निवडला. कानाशी हलवून तिने पाणी पाहिलं आणि भरलेला घेतला. उद्यानंतर ती माहेरी जाईल. परत येऊ नकोस असं तिला सांगायचं मी ठरवलं आहे. येणार असेल तर अडवणार मात्र नाही.

संध्याकाळी गंगाधर भटजी आले होते. थकले आता, डोळ्यांना दिसत नाही. संकल्पासाठी नावं विचारत होते. गोत्र झालं, तुझं नाव झालं. मग म्हणाले, “बापाचं नाव काय घेऊ?”

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. जोतिबा म्हणावं, तर ते नाव त्यांनीच मला झोळीत दिलेलं. तुझ्या कागदावर ते नाही, पलटणीत नाही, बेटावर कुणाला ठाऊक नाही. तू मरताना कुणी विचारलं असेल, बापाचं नाव काय, तर तू काय सांगितलं असशील? हाक मारली असशील, तर कुणाला?

तेव्हा चुलीपासून तुझी आई म्हणाली, “नाथाजी.”

मी परत आल्यापासून हे नाव तिने एकदाच घेतलं होतं, त्या मांडवात, चुकून. आज दुसऱ्यांदा. पदर नीट केला आणि भटजींना म्हणाली, “त्येचा बा नाथाजी. पोरानं सवता लिवून दिलंय. त्योच घ्या.”

भटजींनी नाथाजी घेतलं.

मग रात्र पडायच्या आत हे पत्र लिहायला बसलो. उद्या ते देठांच्या माणसाच्या छातीवर ठेवीन, पेटीतली बाकीचीही ठेवीन. इतक्या वर्षांत पोचायचं पहिलंच टपाल हे.

तर ऐक. माझ्या बापाने सतरा साली ओढ्याकाठी जो जाळला, तो खोटा नव्हता. घोटा झटकून जो पुढे चालला, तो घरी आला. गुंडापाशी जो थांबायला हवा होता, तो नाथाजी तिथेच राहिला. तीस वर्षं तो तिकडे आहे. तू बेटावरून निघालास तेव्हा तुला कुणी नाही असं नव्हतं. त्याला शोध. गावची आठ माणसं त्याच्याबरोबर असतील. गुंडाला ओळखशील, पाय सुजलेले आहेत. त्यांना सांग, मी नवव्याचा मुलगा.

तू कागदावर खरंच लिहिलं होतंस. मी उगाच नीट करून घे म्हणालो. ते तसंच राहू दे.

तुझा बाप,
नाथाजी, मयत